जांभळा रंग धरेपर्यंत

ताई गेल्यावर धाकटीने तिचे जिवाणू जिवापाड जपले, आणि त्या जपण्यानेच ते मेले.

दोघी बहिणी एकाच प्रयोगशाळेत काम करत. ताईने तळ्याकाठच्या गाळातून एक जांभळा जिवाणू वेगळा केला होता. त्याच्या रंगाभोवती पू करणारे जंतू वाढत नसत. तो रंग काढून तेलात मिसळला तर तेल खवट व्हायलाही उशीर लागे. ताईची सारी उमेद त्या रंगावर होती. अंथरुणाला खिळल्यावर ती म्हणाली होती, "याला सांभाळ. तुझे भावोजी स्वतःला सांभाळतील कसेबसे."

धाकटीने सगळ्या नळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या. तिचे स्वतःचे जिवाणू तिथे सुखाने झोपून असत. पण पुढे कामासाठी तिने ताईच्या नळ्या बाहेर काढल्या, जिवाणू वाढवायच्या ताज्या प्लेटवर त्यांच्या रेघा ओढल्या, आणि काहीच उगवले नाही. पुन्हा ओढल्या. एकेक करून सगळ्या नळ्या संपल्या. प्लेट कोऱ्याच राहिल्या. भावोजींना काय सांगावे, हे तिला सुचेना.

ताईच्या जागी नवीन माणूस येणार होता. प्रयोगशाळेतले मदतनीस, ज्यांना सगळे मामा म्हणत, तिचे कपाट रिकामे करत होते.

"या बाटल्यांत नुसतं पाणी आहे," मामा म्हणाले. "फेकू का? तुमच्या ताईंना पाणीसुद्धा टाकवत नव्हतं."

घट्ट झाकणाच्या चार छोट्या बाटल्या. पाणी किंचित गढूळ. धाकटीला ताईचे चिडवणे आठवले. "तुझा फ्रिजवर भारी विश्वास. अगं, काहींना थंडी बाधते. त्यांना साध्या पाण्यात सोडून द्यावं. राहतात उपाशी, पण राहतात." तेव्हा धाकटी हसली होती. उन्हाळ्यातही स्वेटर घालणाऱ्या भावोजींवरच हा टोमणा आहे, असे तिला वाटले होते.

"राहू द्या, मामा," ती म्हणाली.

तिने एका बाटलीतला थेंब प्लेटवर पसरला. दुसऱ्या दिवशी ठिपके आले, पण पांढरे.

"आलं की काहीतरी," मामा म्हणाले.

"काहीतरी नको होतं, मामा."

हवेतला भलताच जंतूही असा दिसू शकतो. पण ताईचा जिवाणू एकटादुकटा असताना रंग करत नाही, पुरेशी गर्दी झाली की मगच करतो, हेही तिला माहीत होते. तिने प्लेट टाकली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, जिथे थेंब पहिल्यांदा टेकला होता तिथल्या दाटीत जांभळी झाक होती. संध्याकाळपर्यंत ती शाईसारखी गडद झाली. मग तिने शेजारी पू करणारे जंतू वाढवून पाहिले. जांभळ्याभोवती मोकळी जागा राहिली, पूर्वी राहत असे तशीच.

तेव्हा तिने भावोजींना बोलावले.

ते स्वेटर घालूनच आले. बंद प्लेट बराच वेळ उजेडासमोर धरून उभे राहिले.

"एवढासाच?"

"वाढेल."

"ही एक मी घरी नेऊ? तिच्या टेबलावर ठेवीन. हात लावणार नाही."

धाकटीने मान खाली घातली. "नाही नेता येणार, भावोजी. दुसऱ्या जंतूंना मारतो खरा, पण जखमेतून शरीरात गेला तर माणसालाही सोडत नाही."

"हे तिने कधी सांगितलं नाही."

"तुम्ही तिला इथे यायलाच दिलं नसतं."

त्यांनी प्लेट तिच्या हातात परत दिली. सवयीने ती फ्रिजकडे वळली, दारापाशी थांबली आणि मागे फिरून कपाटाजवळ आली. ताईच्या खणात आता त्या चार बाटल्याच उरल्या होत्या. बाटल्यांच्या शेजारी तिने प्लेट ठेवली.

"नवीन माणसाला खालचा खण देऊ," ती मामांना म्हणाली.

भावोजी ताईच्या स्टुलावर बसले होते. "मग मीच येत जाईन अधूनमधून. चालेल?"

"या. पण चहा बाहेर प्यायचा. इथे काही खायचं-प्यायचं नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "त्यावरून तिने मला एकदा बाहेर काढलं होतं."