चौदा फुटांचं गॅरेज

सायमन जानेवारीत मुलाकडे महिनाभरासाठी दोह्याला आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत सुके बोंबील होते आणि निर्मळ गावातल्या घराशेजारी बांधायच्या गॅरेजचा नकाशा होता. नकाशा त्यांनी स्वतः पट्टी-पेन्सिलीनं काढला होता. बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये पोचल्यावर चहा होण्याआधीच त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर उलगडला.

गॅरेजची कल्पना मुलाची, ट्रेवरची, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. खाऱ्या वाऱ्यानं गाडी गंजते, एकदाच काय तो खर्च करून टाकू, असं ट्रेवर फोनवर म्हणाला होता. खरं कारण वेगळं होतं. नाताळच्या आधी आईनं, म्हणजे रोझमेरीनं, रडत फोन केला होता. पप्पांनी फाटकाला गाडी घासली होती, एकदा नाही, दोनदा. मग बाजाराजवळ एका सायकलवाल्याला धक्का दिला. तो उठून चालायला लागला म्हणून निभावलं. पण पंचाहत्तरी उलटलेला माणूस ऐकायला तयार नव्हता. गावात कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की लोक सायमनला हाक मारत, आणि ते शर्टाची बटणं लावत लावत गाडी काढत.

"शटरवालं गॅरेज बांध," रोझमेरी म्हणाली होती. "किल्ली मी ठेवीन."

ट्रेवर दोह्याला लागून असलेल्या लुसैलमधल्या एका कंपनीत प्रोजेक्टची कागदपत्रं सांभाळायचा. प्रोजेक्ट संपत आला होता. त्याचं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत होतं आणि पुढचं पत्र अजून आलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा मन्सूर नोकरी संपून डिसेंबरातच घरी गेला होता. ट्रेवरची बायको एस्थर एका खाजगी हॉस्पिटलात नर्स होती, त्यामुळे अगदीच उघड्यावर पडायची वेळ नव्हती. तरी दोघांनी हिशेब करून ठरवलं होतं की गॅरेजला साडेतीन लाखांच्या वर एक रुपया घालायचा नाही. दहा फूट रुंदी, मागं भिंत, वर स्लॅब, पुढं शटर. गावच्या कॉन्ट्रॅक्टरचा आकडा त्यात बसत होता.

पण सायमनचा नकाशा बसेना. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, रुंदी बारा फूट हवी. ट्रेवरनं कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. स्लॅब वाढेल, मधे बीम घ्यावी लागेल, शटरही मोठं, असं म्हणून त्यानं पन्नास हजार वाढवले. ट्रेवरनं ते कसेबसे गिळले. तीन-चार दिवसांनी सायमननी खोडरबर मागितला आणि बाराचे चौदा केले.

एस्थरनं स्वयंपाकघरात दार लोटून विचारलं की हे कुठं थांबणार आहे. कॉन्ट्रॅक्टर पप्पांना भरीला घालतोय का, असंही तिला वाटत होतं. ट्रेवरलाही तेच वाटत होतं. शिवाय आणखी एक गोष्ट त्याला टोचत होती. ज्या गॅरेजात पप्पांची गाडी कोंडायची, त्याचाच नकाशा ते इतक्या हौसेनं काढत होते. खोटं बोलून आपण त्यांच्याकडून त्यांचंच कुलूप करून घेतोय, असं त्याच्या मनात येई. रोज सकाळी मेट्रोत बसून तो मोबाइलवर तीच बेरीज पुन्हा करी, आणि ऑफिसात पोचल्यावर आधी ई-मेल उघडी. पत्र आलेलं नसे.

त्या संध्याकाळी तो पप्पांवर जरा चिडलाच. एवढ्याशा गाडीला चौदा फूट कशाला, असं त्यानं विचारलं. नकाशाची घडी घालून सायमन बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, तिघं मिस्साला गेले. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात ही गर्दी. फिलिपिनो, केरळी, गोव्याची माणसं, मुलांच्या गाड्या, फुगे. ट्रेवर सायमनच्या उजव्या बाजूनं चालत होता. समोरून, डाव्या अंगानं, एक बाई बाबागाडी ढकलत आली. सायमननी चाल कमी केली नाही, वाट बदलली नाही. त्यांचा डावा पाय सरळ बाबागाडीच्या चाकावर आदळला आणि आतलं बाळ रडायला लागलं. बाईनं रागानं पाहिलं. एस्थरनं पुढं होऊन माफी मागितली. सायमन मात्र आवाज कुठून आला ते शोधत डावीकडे पूर्ण मान वळवून बघत होते. बाबागाडी एवढी मोठी, लाल रंगाची होती.

परतताना एस्थरनं गाडी चालवली आणि आरशातून दोनदा ट्रेवरकडे पाहिलं.

इमारतीच्या तळघरात गाडी लावल्यावर ती वर गेली. सायमननी खिशातून मोजपट्टी काढली. इथल्या पार्किंगमध्ये दोन खांबांत अंतर किती असतं ते त्यांना बघायचं होतं. ट्रेवरनं एक टोक धरलं. सायमन पट्टी ओढत दुसऱ्या खांबाकडे गेले. जाताना त्यांनी डावा हात पुढं पसरला होता, आणि बोटं खांबाला टेकल्यावरच ते थांबले.

ट्रेवरच्या हातातून पट्टी सुटली. ती सर्रकन गुंडाळत पप्पांपर्यंत गेली.

"पप्पा, डावीकडचं दिसत नाही ना तुम्हाला?"

सायमन पट्टी न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "समोरचं स्वच्छ दिसतं. पेपर वाचतो मी."

"मी डावीकडचं विचारतोय."

"चौदा फूट असलं तर गाडी आत येते. दहाला घासते." ते जरा थांबले. "आणि शटरची किल्ली कुणाकडे राहणार, तेही मला ठाऊक आहे. तुझी आई फोनवर हळू बोलते असं तिला वाटतं. आत नीट लावता आली, तर ती किल्ली देईल, असं मी धरून चाललो होतो."

दोघं लिफ्टनं वर गेले.

एस्थरनं ओळखीनं डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर तसनीम हैदराबादच्या होत्या. त्यांनी सायमनची हनुवटी एका यंत्रावर टेकवली आणि हातात बटण दिलं. आत प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. ट्रेवर मागच्या खुर्चीत बसून पप्पांच्या अंगठ्याकडे बघत होता. मधेच तो अंगठा हलायचा थांबला. यंत्र चालूच होतं. ट्रेवर मनातल्या मनात म्हणत होता, दाबा, दाबा ना. बऱ्याच वेळानं अंगठा पुन्हा हलला.

काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात फार पुढं गेलेला. गेलेली नजर परत येणार नव्हती. थेंब नियमित घातले तर उरलेली टिकणार होती. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सायमननी हिंदीत विचारलं की गावातल्या गावात, चर्चपर्यंत तरी? डॉक्टरांनी नाही म्हटलं, आणि हळू आवाजात पुन्हा एकदा नाही म्हटलं. मग त्या ट्रेवरकडे वळल्या. हा आजार घराण्यात उतरू शकतो, चाळिशी झाली असेल तर तुम्हीही तपासून घ्या, म्हणाल्या. ट्रेवर चव्वेचाळीस वर्षांचा होता.

पुढचे काही दिवस सायमन थेंब घालून घेत, जेवत आणि बाल्कनीत बसत. नकाशा त्यांनी परत बॅगेत टाकला होता.

मंगळवारी ट्रेवर ऑफिसात असताना एस्थरचा फोन आला. रात्रपाळी करून ती झोपली होती. उठून पाहते तर पप्पा घरात नाहीत, आणि गाडीची किल्लीही जागेवर नाही. ट्रेवरनं कुणाला न विचारता लॅपटॉप मिटला. लुसैलच्या स्टेशनाकडे तो अक्षरशः पळत गेला. मेट्रोत त्याला डोळ्यांसमोर सहा-सहा लेनचे रस्ते दिसत होते, डावीकडून सुसाट येणाऱ्या लँडक्रूझर दिसत होत्या. पप्पांकडे इथलं लायसन नव्हतं. कुणाला लागलं तर? त्यांनाच लागलं तर? एस्थरचा फोन लागेना, तळघरात रेंज नसायची. ती तिथं गेली असेल तर गाडी नाही हे बघून वर यायला तिला एवढा वेळ का लागावा, हे त्याला कळत नव्हतं.

तो धापा टाकत तळघरात उतरला. गाडी जागेवर होती. इंजिन बंद होतं. सायमन ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते आणि शेजारी एस्थर, घरातल्या कपड्यांत, चपला न घालता. ट्रेवर मागचं दार उघडून आत बसला.

"चालू करणार होतो," सायमन समोर बघत म्हणाले. "किल्ली लावली होती. मग डावीकडून एक गाडी गेली. तिचा आवाज आला, पण ती दिसली नाही मला."

मग त्यांनी किल्ली काढून एस्थरच्या हातात दिली आणि रोझमेरीला फोन लावून द्यायला सांगितलं. रेंजसाठी तिघं वर आले. सायमननी स्वतःच बायकोला सगळं सांगितलं, बाबागाडीपासून आजच्या किल्लीपर्यंत. पलीकडे रोझमेरी रडली. मग शेजारच्या सदानंदचं नाव सायमननीच काढलं. तो रिक्षा चालवायचा, गाडीवर हात बसलेला होता त्याचा. गाडी आपल्याकडेच राहू दे, कुणाला न्यायचं असलं तर सदानंद चालवेल आणि मी बाजूला बसेन, असं ते म्हणाले. स्लॅब नको, शटर नको. चार लोखंडी खांब आणि वर पत्रा. सत्तर हजारांत होईल.

सायमन महिना संपल्यावर परत गेले. शेडचं काम फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यात सुरू झालं. त्याच आठवड्यात ट्रेवर डॉक्टर तसनीमकडे गेला. आदल्या रात्री त्याला झोप लागली नव्हती. तपासणी झाली. आत्ता ठीक आहे, म्हणाल्या, पण डोळ्यांचा दाब थोडा काठावर आहे, दरवर्षी या.

बाहेर येऊन त्यानं पप्पांना फोन केला. सायमननी डॉक्टर काय म्हणाल्या ते पूर्ण ऐकून घेतलं, दाबाचा आकडा विचारला, पुन्हा विचारला. मग ऑफिसचं पत्र आलं का, म्हणून विचारलं. अजून नाही, ट्रेवर म्हणाला. येईल, सायमन म्हणाले, पण त्यांच्या आवाजावरून त्यांनाही खात्री वाटत नव्हती, आणि दोघंही लगेच फोन ठेवायला तयार नव्हते.