उसनी पिशवी

चिकलठाण्याला नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, विद्यापीठाच्या नामांतरावरून टपरीटपरीवर वाद रंगत होते आणि मुकुंदवाडीच्या गल्लीत प्लास्टिकच्या पन्न्या उडत होत्या. जमीन कंपनीत गेल्यावर बद्रीनाथनं तिथं किराणा दुकान टाकलं होतं. पावशेर साखरेलाही तो रंगीत पन्नी द्यायचा, आणि लोक ती उकिरड्यावर फेकायचे.

कस्तुराबाईची एक शेळी त्यातच गेली. पोटातून पन्न्यांचा गोळा निघाला. आता राहिलेली शेळी, चांदी, गाभण होती. दावं तोडून ती उकिरड्याकडंच धाव घ्यायची. धनगराच्या लेकीनं दुसरी शेळी अशी डोळ्यांदेखत घालवायची म्हणजे हद्दच झाली. कस्तुराबाई तरातरा दुकानावर गेली.

“बद्रीनाथभाऊ, पन्नी बंद करा.”

“मावशी, लोकं हात हलवत येतेत. सामान काय पदरात देऊ? समोरचा देतोच की.”

कस्तुराबाईनं लेकाचे कंपनीतले जुने गणवेश उसवून पिशव्या शिवल्या आणि त्याच्यापुढं ढीग ओतला. बद्रीनाथनं त्या हौसेनं वाटल्या. एकही परत आली नाही. कुणी पायपुसणं केलं, वच्छलाबाईनं तर उशीची खोळ केली.

“पायलं का मावशी?” बद्रीनाथ म्हणाला. “आता पुन्हा पन्नीच.”

कस्तुराबाई हिरमुसली. मग तिला काहीतरी सुचलं.

“देताना काय म्हणला व्हता?”

“घेऊन जा म्हणलो. फुकट हाय.”

“तितंच चुकलं. उसनी म्हणा.”

आता उसन्याची गोष्टच न्यारी. फुकटचं पचतं, उसनं पचत नाही. उसनं दाबून ठेवल्याची कुणकुण लागली, तर बाईला नळावर तोंड दाखवायची सोय राहत नाही. शिवाय उसनं भांडं रिकामं परत धाडायचं नसतं, हे पोरींना आईच्या दुधासोबतच कळतं. या भरवशावर कस्तुराबाईनं ठेवणीतलं लुगडं फाडलं. फाडताना जीव हळहळला, पण पिशव्या पुन्हा शिवल्या.

पहिली आली ती खोळवाली वच्छलाबाईच. पिशवी गल्ल्यावर ठेवली, आत मूठभर शेंगा. “रिकामी कशी द्यावी,” म्हणाली. मग कुणाची लिंबं आली, कुणाचा कढीपत्ता. बद्रीनाथ पार गडबडला. गिऱ्हाइकानं दुकानदाराला माल द्यावा, हे त्याच्या बापजन्मात घडलं नव्हतं. समोरच्या दुकानातही बाया उसनी पिशवी मागू लागल्या, आणि हळूहळू उकिरड्यावर उरली नुसती राख अन् कांद्याची टरफलं. चांदी सुखरूप व्याली. तिचं दावं सुटलं.

एका सकाळी बद्रीनाथची हाक आली, “मावशी, तुमची शेळी दुकानात शिरली. आलेल्या पिशवीत तोंड घालून खातीय, धरा तिला.”

कस्तुराबाईला पन्न्यांचा तो गोळा आठवला. ती धावतच गेली. चांदी मान हलवत चघळत होती आणि तिच्या तोंडातून हिरव्या काड्या लोंबत होत्या. कस्तुराबाईचे डोळे भरून आले.

“खाऊ द्या भाऊ,” ती म्हणाली. “मेथीच हाय.”