डावरीची सतार

मित्रांनो, मी एक जुनी सतार आहे. माझा भोपळा कुणाच्या तरी शेतात पिकला, दांडी एका म्हाताऱ्या झाडाची आहे, आणि अंगावर जे काळसर डाग दिसतात ते वयाचे आहेत. एवढे सांगितले की बहुतेक सतारींची ओळख संपते. माझी संपत नाही. तुम्ही मला मांडीशी घेऊन बसलात तर तुमचा गोंधळच उडेल. मुख्य तार भलत्याच अंगाला सापडेल, खुंट्या नको तिकडे असतील, आणि तुम्ही म्हणाल की ही सतार कुणीतरी झोपेत जोडली आहे. तसे नाही. मी डावखुऱ्या माणसासाठी केलेली सतार आहे; बाकीच्यांच्या तारा उजव्या हाताने छेडतात, माझ्या डाव्या. माझ्यासारख्या फार नसतील, म्हणून माझी हकिगत मीच सांगितलेली बरी.

माझा जन्म एका आईच्या हट्टातून झाला. ही बाई कपडे शिवायची. तिची नऊ वर्षांची मुलगी सगळी कामे डाव्या हाताने करायची, म्हणून सारी आळी तिला डावरी म्हणायची. डावरी सतार शिकायला जाऊ लागली तेव्हा मास्तरांनी तिला उजव्या हाताने वाजवायला लावले. सहा महिने झाले तरी तिच्या हातून तार धड वाजेना. मग आई तडक वाद्ये करणाऱ्या कारागिराच्या दुकानात आली. तेव्हा मी अजून सतार नव्हते. माळ्यावर टांगलेल्या भोपळ्यांपैकी एक होते, पण बोलणे स्वच्छ ऐकू येत होते.

"माझी मुलगी डावरी आहे. तिच्या हाताची सतार करून द्या."

कारागिराने चष्मा कपाळावर सरकवला. "हात बदलायला सांगा, ताई. होते सवय."

"सहा महिने बदलून पाहिला. तिच्या उजव्या हातात जीवच नाही. डावखुऱ्यांची कात्री मिळते, मी आणलीय तिच्यासाठी. मग सतार का नाही?"

"कात्रीला वीस तारा नसतात, ताई."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. कात्री काय, कुणीही देईल."

कारागीर वरवर कुरकुरला, पण आतून खूश झाला. दुसऱ्याच दिवशी त्याने मला माळ्यावरून खाली घेतले.

चाळीस वर्षे त्याने एकाच बाजूच्या सतारी केल्या होत्या. मला करताना तो एका कागदावर चित्र काढून ते समोर ठेवायचा आणि दर दोन मिनिटांनी त्याकडे बघायचा. एका दुपारी शेजारचा दुकानदार गप्पा मारायला आला आणि घात झाला. मुख्य तारांच्या खाली ज्या बारीक तारा आपोआप गुणगुणतात त्यांना तरफा म्हणतात. तरफांच्या खुंट्यांची भोके पाडायची होती. कारागिराने बोलता बोलता गिरमिट घेतले आणि नेहमीच्या बाजूला सरळ तीन भोके पाडली. चौथ्याला त्याचे चित्राकडे लक्ष गेले. त्याने कपाळावर हात मारला, शेजाऱ्याला हाकलले आणि ती भोके लाकडाच्या गुट्ट्यांनी बुजवली. ते तीन ठिपके आजही माझ्या दांडीवर आहेत. लोकांना ती नक्षी वाटते आणि मीही तसे वाटू देते.

मास्तरांचा वर्ग एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. वर जास्त जोर झाला की डॉक्टर काठीने छतावर ठोकायचे, कारण त्यांना पेशंटची छाती ऐकू यायची नाही. मी तिथे गेले त्या दिवशी मास्तरांनी मला पाहिले आणि त्यांचा पारा चढला. "हे काय आणलंय? सगळे एकीकडे आणि तू एकीकडे? उद्या कुणाची सतार उसनी घ्यायची वेळ आली तर काय करशील?"

 डावरी रांगेत बसली, आणि बसल्या बसल्या माझी दांडी उजवीकडच्या मुलीच्या कपाळाला लागली. सगळ्यांच्या दांड्या डावीकडे, माझी एकटीची उजवीकडे, दुसरे काय होणार? तेव्हापासून आमची जागा ठरली. रांगेच्या उजव्या टोकाला, पलीकडे कुणी नाही तिथे.

पण महिनाभरात एक गंमत झाली. एकदा बाकी कुणी आले नाही म्हणून मास्तरांनी डावरीला अगदी समोर बसवले. त्यांची दांडी आणि माझी दांडी एकाच दिशेला आली. त्यांचा हात जसा जाई तसाच डावरीचा जाई, मनातल्या मनात काही उलटवावे लागेना. बाकीच्यांना चार दिवस लागत ते तिने तासाभरात उचलले. मास्तर वाजवता वाजवता थांबले आणि तिच्या खांद्याकडे टक लावून बघू लागले.

"खांदा का पाडतेस?"

"तुम्ही पाडता म्हणून, सर."

मास्तरांनी स्वतःचा खांदा पाहिला. तो खरोखरच पडला होता, आणि तीस वर्षांत त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्या दिवसापासून ते डावरीला समोरच बसवू लागले आणि त्यांनी हात बदलण्याचे नाव काढले नाही.

पुढची बारा वर्षे आम्ही रोज चार तास एकत्र काढली. सकाळी आईचे शिलाई मशीन सुरू व्हायच्या आधी दोन तास आणि दुपारी ती जेवून आडवी झाल्यावर दारे लावून दोन तास. तारेने डावरीच्या बोटांना चिरा पडल्या, चिरांचे घट्टे झाले. मी तिच्यावर रुसलेही आहे. हवा दमट असली की माझ्या खुंट्या जागेवर राहत नसत आणि ती दात ओठ खात मला जुळवत बसायची. पण तिने मला कधी आपटले नाही, आणि तार सैल न करता कधी गवसणीत घातले नाही.

तिला एकच गोष्ट हवी होती. लोकांनी आपली सतार ऐकावी आणि वाजवणे हाच आपला पेशा व्हावा. कार्यक्रम मिळायला लागले तेव्हा तिला वाटले, झाले! पण लोक ऐकायला येत नव्हते, बघायला येत होते. फलकांवर तिच्या नावाआधी 'उलट्या हाताची किमया' असे छापायचे. निवेदक सांगायचा, "मंडळी, हात नीट बघा हं!" फोटो काढणारे तिचा चेहरा सोडून मनगटाचे फोटो काढायचे. कार्यक्रम संपला की लोक जवळ यायचे आणि विचारायचे, "जेवताही डाव्याच हातानं का हो?" एकदा तिने रागाचा असा काही विस्तार केला की माझ्या तरफा नंतर कितीतरी वेळ थरथरत होत्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बारा ओळी आल्या. बाराच्या बारा हातावर होत्या. रागाचे नावसुद्धा नव्हते.

तिने ते कात्रण आईला दाखवले, मला गवसणीत घातले आणि कपाटावर ठेवून दिले. मग ती एका कापडाच्या दुकानात नोकरीला लागली.

मित्रांनो, कपाटावरची दोन वर्षे मी विसरू शकत नाही. वाद्य न वाजवता ठेवले की ते विश्रांती घेत नाही, ते बिघडते. माझ्या तारा गंजल्या, त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीवर धूळ साचली, खुंट्या आकसल्या. खालून आईचे मशीन ऐकू यायचे आणि मला त्या मशीनचा हेवा वाटायचा. शेवटी एक वाद्यविक्रेता घरी आला. त्याने मला हातात घेऊन फिरवून पाहिले आणि म्हणाला, "भोपळा झकास आहे. खुंट्या फिरवू, भोकं बुजवू, उजव्या हाताची करून टाकू. मग कुणीही वाजवेल." डावरी म्हणाली, "सोमवारी घेऊन जा." मला भीती वाटली, हे मी कबूल करते.

विक्रेत्याने ही बातमी मास्तरांच्या कानावर घातली. रविवारी मास्तर जिना चढून आले. धाप लागली होती तरी पाणी न मागता त्यांनी खिशातून एक फॉर्म काढला.

"रेडिओ केंद्राची चाचणी आहे. कायमच्या वादकांची यादी करतायत."

"कशाला, सर? पुन्हा हाताचंच कौतुक ऐकायला?"

"तिथं परीक्षक पडद्याआड बसतात. वाजवणाऱ्याचं नाव कळत नाही, तोंड दिसत नाही. नुसता नंबर. त्यांना तू दिसणारच नाहीस, मुली. वाजवावंच लागेल."

डावरीने फॉर्म दोनदा वाचला. मग तिने स्टूल ओढले आणि मला खाली काढले. सोमवारी विक्रेता हात हलवत परत गेला.

चाचणीला तीन महिने होते. नव्या तारा आल्या, घोडी घासून घेतली, आणि आमचे चार तास पुन्हा सुरू झाले. तिच्या बोटांचे घट्टे गेले होते. ते परत येईपर्यंत ती फार सोसत होती.

चाचणीच्या दिवशी आई बरोबर आली. आमचा नंबर अकरा होता. केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर वळताना कुणीतरी आतून धाडकन दार उघडले आणि ते माझ्या भोपळ्यावर बसले. बोटभर लांब चीर पडली. डावरीने तार छेडली तर सुराबरोबर फुटक्या भांड्यासारखी खरखर आली. आत आठवा नंबर वाजवत होता.

केंद्रातला कारकून भला माणूस होता. तो धावत जाऊन दुसरी सतार घेऊन आला. "ही घ्या, केंद्राची आहे. आपल्याकडची सगळ्यात चांगली."

डावरीने ती मांडीवर घेतली, एकदा पाहिली आणि परत दिली. तिच्या डोळ्यांत पाणी आले. "ही माझ्या हाताची नाही, काका." कारकुनाला काहीच कळेना.

आईने पिशवी उलटी केली. तिच्या पिशवीत कापडाच्या पट्ट्या नसतील असे कधी होत नसे. तिने मलमलीची एक पट्टी कापली. माइक दुरुस्त करणाऱ्याकडून झटपट चिकटणारा गोंद आणला. चीर दाबून वर पट्टी बसवली आणि शिवण दाबावी तशी अंगठ्याने घट्ट दाबून धरली. नववा झाला. दहावा आत गेला. आई अंगठा काढायला गेली तर अंगठाच माझ्याशी चिकटून बसला होता!

"नंबर अकरा!"

"आई, ओढ!"

"ओढतेय गं!"

अंगठा सुटला. थोडी कातडी माझ्याकडे राहिली. खरखर थांबली होती. डावरी आत गेली, तबलजीला नमस्कार केला आणि डोळे मिटले. समोर नुसता करडा पडदा होता. त्या वीस मिनिटांत तिने जे वाजवले ते मी आधी कधी तिच्या हातून ऐकले नव्हते. आपल्याकडे कुणी बघत नाही, एवढ्यानेच तिचा हात मोकळा झाला होता.

दीड महिन्याने पत्र आले. मास्तर मुद्दाम आले होते. डावरीने पत्र उघडले, आणि आईने ते ओढून घेऊन मोठ्याने वाचले. नंबर अकराची निवड झाली होती. खाली परीक्षकांचा शेरा होता: 'आलाप प्रगल्भ. उजव्या हाताचे काम विशेष स्पष्ट आणि तयारीचे.'

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई मात्र चिडली. "इतकी वर्षं राबला डावा, आणि नाव उजव्याचं? मी पत्र लिहून कळवते त्यांना."

"काही कळवू नकोस, आई," डावरी म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती. "त्यांनी ऐकलंय. पहिल्यांदाच कुणीतरी नुसतं ऐकलंय."

या गोष्टीला आता बावीस वर्षे झाली. ती अजून केंद्रात वाजवते आणि मी तिच्याबरोबर जाते. मित्रांनो, तुमच्याकडे एखादे वाद्य असेल तर त्याला उन्हात ठेवू नका, काम झाल्यावर तारा सैल करा, आणि कपाटावर तर मुळीच टाकू नका. आणि कधी कुणी वाजवायला बसले, तर आधी थोडा वेळ डोळे मिटून ऐका. हात नंतर बघितला तरी चालतो.