मागच्या गल्लीतला गोल जिना

मित्रांनो, रडगाणं ऐकायला आला असाल तर दुसऱ्या कुणाकडे जा. फुटकी पाटी, गंजलेली सायकल, तुटकी छत्री, अशी पुष्कळ मंडळी आहेत. ती हुंदके देत आपली कहाणी सांगतील. मी लोखंडी जिना आहे. जुना आहे, गोल आहे, आणि सिंगापूरच्या जालान बसार भागात एका शॉपहाऊसच्या पाठीशी उभा आहे. माझी कहाणी मी ताठ मानेनं सांगणार. गोल जिन्याला कसली आली ताठ मान, असं कुणी म्हणेल. त्यानं माझ्या मधोमध उभा असलेला खांब बघावा आणि मग बोलावं.

मराठी कुठे शिकलो, हा तुमचा प्रश्न मला ऐकू आला. ज्यांनी माझ्या पायऱ्यांवर बसून चहा ढोसत वर्षभर भांडणं केली, त्यांच्याकडून शिकलो. ती भांडणं पुढे येतीलच.

शॉपहाऊस म्हणजे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. आमच्या घराचं पुढचं तोंड बघाल तर बघतच राहाल. हिरव्या झडपांच्या खिडक्या, फुलाफुलांच्या फरश्या, दारावर कोरीवकाम. आत वर जायला लाकडी जिना होताच. मग मागे मी कशाला? कारखान्यात मला ओतलं तेव्हा माझ्या पायऱ्यांवर जाळीची सुरेख नक्षी काढली होती. तिच्याकडे बघून मला वाटायचं, आपल्यावरून एखादी नवी नवरी चढेल. मग मला बैलगाडीतून आणून घराच्या मागच्या भिंतीला बोल्टांनी आवळलं आणि माझा भ्रम फिटला.

वरच्या मजल्यावरचा संडास मागच्या अंगाला होता. त्या काळी गटारं नव्हती, बादल्या होत्या. त्या भरलेल्या बादल्या उचलून न्यायला रोज सकाळी माणसं येत. त्यांचं पाऊल घरात पडू नये, त्यांचं तोंड पुढच्या रस्त्यावर कुणाला दिसू नये, म्हणून मी. एका माणसाला घरातून जाऊ द्यायचं नाही एवढ्यासाठी लोक इतकं लोखंड ओततात, हे मला तेव्हा कळलं.

ती माणसं चिनी होती, तमिळ होती. खांद्यावर काठी, काठीला दोन्हीकडे बादल्या. माझ्या पायऱ्या ठणठण वाजू लागल्या की वरच्या खिडक्या पटापट बंद होत. घरातले लोक त्यांना नावानं हाक मारत नसत आणि मलाही जिना म्हणत नसत. ‘मागचं’ म्हणत. पण एक सांगतो. एवढं ओझं घेऊन ती माणसं पावसापाण्यात माझ्यावरून उतरली आणि मी एकालाही घसरू दिलं नाही. माझ्या आयुष्यात मला कुणी शाबासकी दिली नाही, म्हणून ही मी स्वतःच घेतली.

पुढे शहरात सगळीकडे गटारं आली आणि बादल्या गेल्या. माझं काम संपलं. आपलं काम संपलं म्हणून आनंदानं फुगलेली वस्तू तुम्ही पाहिली नसेल, ती मी. त्यानंतर माझ्यावर कुंड्या आल्या, ओली फडकी आली, मांजरं आली. खालच्या दुकानात कागदाचं गोदाम झालं, मग तेही गेलं आणि घर रिकामं पडलं. गंज लागला. लागू दे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि माझ्यात तर पिळाशिवाय दुसरं काही नाहीच.

एके दिवशी मागच्या गल्लीत मराठी ऐकू आलं. तीन माणसं होती. पहिले भीमराव. क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये राहणारे, जुरोंग आयलंडच्या एका कारखान्यात यंत्रं तपासणारे इंजिनिअर. कंपनीच्या बसनं जाऊन येऊन केस पांढरे झालेले. नागपूरला एका विहाराच्या अभ्यासिकेत बसून ते शिकले होते, आणि तशी एक अभ्यासिका या शहरात उभी करायची हा त्यांचा ध्यास होता. ज्या पोरांना घरात पुस्तक उघडायला शांत कोपरा नाही, त्यांच्यासाठी. मग ती कुठलीही भाषा बोलोत. एका ट्रस्टनं त्यांना आमचं घर दिलं होतं. दुसरे हेमचंद्र, पुण्याचे, मोठ्या आयटी कंपनीत मॅनेजर, मरीन परेडला महागड्या कॉन्डोत घर, आणि अभ्यासिकेच्या समितीचे अध्यक्ष. माणूस राबणारा, खुर्च्या स्वतः उचलायचा. पण त्याला पाहुण्यांची फार हौस. तिसरी एकता, आर्किटेक्ट. अभ्यासिकेचा आराखडा तिनं करायचा होता.

एकताची काम करायची पद्धत मला आवडली. तिनं आधी कागद उघडलाच नाही. शनिवारी आजूबाजूची मुलं बोलावली, प्रत्येकाच्या हातात खडू दिला आणि सांगितलं, जिथे बसून अभ्यास करावासा वाटेल तिथे आपली जागा आखा. पोरं घरभर पांगली. कुणी खिडकीखाली चौकोन काढला, कुणी मोरीच्या ओट्यावर, एकानं तर लाकडी जिन्याखाली गुहाच आखली. हेमचंद्रांची मुलगी अवनी मात्र मागच्या दारानं बाहेर आली. घरी तिला स्वतंत्र खोली आहे, तरी मैत्रिणींबरोबर ती इथेच पडीक असायची. तिनं माझ्या वरच्या वळणावरची पायरी फुंकरीनं साफ केली, खडूनं तिच्यावर आपलं नाव लिहिलं आणि तिथेच बसून वाचायला लागली. मित्रांनो, माझ्यावर कुणी बसलं, ते पहिल्यांदा. आजवर सगळे फक्त निघून जायला आले होते.

मग कागद उघडला आणि भांडणं सुरू झाली.

हेमचंद्रांनी सुचवलं ते साधंच होतं. पुढचं दार आणि खालचा हॉल पाहुण्यांसाठी, भाषणांसाठी, देणगीदारांसाठी ठेवायचा. अभ्यास वर. मुलांना काय, मागचा गोल जिना आहेच की. दप्तरं, चपला, गोंगाट, सगळं मागच्या मागे. त्यात त्यांच्या मनात काही पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण सगळ्यांत आधी मान डोलावली ती भीमरावांनी, आणि तिथेच चूक झाली. आपल्या पोरांचा कुणाला त्रास नको, कुणाला बोलायला जागा नको, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. कुणी नको म्हणण्याआधीच आपण बाजूला सरकायचं. ज्यांना पिढ्यान् पिढ्या बाजूला सारलं, तेच ही चूक करतात.

एकता पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, “काका, हा जिना कशासाठी बांधला होता, माहितीये तुम्हाला?”

तिनं सांगितलं. तिला माहीत होतं. जुनी घरं हा तिचा अभ्यासच होता. भीमरावांनी हातातला चहा खाली ठेवला. हेमचंद्र गडबडले, म्हणाले की ते शंभर वर्षांपूर्वीचं झालं, आता कुणाच्या लक्षात आहे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय.

भीमराव उठून मागच्या दारात आले आणि माझ्याकडे असं बघितलं की माझा गंज थरथरला.

“मग हा इथे राहणार नाही,” ते म्हणाले. “कापून काढा.”

आता बोला. बादल्यांच्या दिवसांत टिकलो, आणि अभ्यासिकेच्या दिवसांत जाणार. ज्यांना मागच्या दारानं आणलं त्यांचा जिना म्हणून आधी लोकांनी खिडक्या लावल्या, आणि आता त्याच लाजेपायी माझ्या मानेवर करवत. मला राग आला. भीमरावांचा राग मला कळत होता, म्हणून जास्तच आला. आम्ही दोघं एकाच बाजूचे होतो, आणि ते मला शत्रू समजत होते.

घर जुनं आणि सरकारनं जतन केलेलं, त्यामुळे मला असंच उपटून टाकता येत नव्हतं. मी धोकादायक आहे असं इंजिनिअरनं तपासून लिहून दिलं, तर परवानगी मागता येणार होती. आणि समितीत इंजिनिअर एकच, तेही माझ्यावर दात धरून असलेले.

रविवारी सकाळी भीमराव हातोडी घेऊन आले. ओतीव लोखंड तपासायची त्यांची रीत सोपी. हलका ठोका मारायचा आणि ऐकायचं. धड असेल तर लोखंड घंटेसारखं वाजतं. आत तडा असेल तर बद्द आवाज येतो. त्यांना बद्द आवाज हवा होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी मनात म्हटलं, ठोका. हवं तेवढं ठोका.

त्यांनी ठोका दिला, मी वाजलो. वरची पायरी, पुन्हा वाजलो. एक पायरी खरंच तडकलेली होती, तिथे मी काही लपवलं नाही. पण बाकी मी असा खणखणत गेलो की गल्लीतली मांजरं पळाली. भीमरावांचा ठोका प्रत्येक पायरीला जोरात पडू लागला. असे ठोकत ठोकत ते माझ्या वरच्या वळणाशी आले, आणि तिथे अवनी बसलेली.

“अंकल, व्हाय यू हिटिंग माय सीट?”

त्यांनी तिला समजावलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. की हा जिना चांगला नाही. लोकांची घाण उचलणाऱ्या माणसांसाठी तो बांधला होता, त्यांना पुढून यायला बंदी होती, आणि अशा लाजेच्या वाटेनं आपल्या मुलांनी यायचं नाही.

अवनीनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “दे क्लीन एव्हरीबडीज हाऊस, अंकल, देन दे मस्ट पायसे? द वन्स हू शट द विंडो शुड पायसे, लाह.”

पायसे म्हणजे इथल्या बोलीत लाज वाटणं, आणि ‘लाह’ हे नुसतं वाक्याचं शेपूट. पोरगी एवढंच म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात शिरली. भीमरावांनी हातोडी बाजूला ठेवली. मग तिच्या खालच्या पायरीवर हळूच बसले.

“माझे वडील पाटलाच्या घरी मागच्या परसात उभे राहायचे,” ते म्हणाले. “पुढच्या दाराला काय रंग होता, ते त्यांना मरेपर्यंत माहीत नव्हतं. मला त्यांची लाज वाटायची गं. पाटलाची वाटायला हवी होती.”

ते रडले. मी रडणार नाही असं सुरुवातीलाच सांगितलं होतं, आणि माझा शब्द मी पाळला. पण त्यांचा तळवा माझ्या कठड्यावर होता, तो मी गरम ठेवला.

पुढच्या बैठकीत भीमरावांनी तपासणी सांगितली. जिना धडधाकट आहे, एक पायरी बदलायची, काढायला काही कारण सापडलं नाही. हेमचंद्रांना हायसं वाटलं. म्हणजे मुलांची वाट ठरली, असं ते म्हणाले.

“नाही,” भीमराव म्हणाले. “जिना राहील. पण माझी मुलं मागच्या दारानं येणार नाहीत.”

आता हे दोन्ही कसं जमायचं, म्हणून सगळे एकताकडे बघू लागले. तिनं जमिनीवर पसरलेला आराखडा दोन्ही हातांनी धरला आणि सरळ उलटा फिरवला. खालची गल्ली वर आली. मग तिनं रबर घेतलं आणि जिथे जिथे ‘मागील’ लिहिलं होतं तिथलं पुसलं. नावाची पाटी गल्लीत लागेल, तिनं सांगितलं. दिवे गल्लीत, बाकं गल्लीत, पोरांच्या चपलांचा कप्पा गल्लीत. रस्त्याच्या दाराला उतार करू, चाकाच्या खुर्चीतले आणि गुडघेदुखीवाले तिथून येतील, ज्या पोरांना हवं तीही येतील. खालच्या हॉलमध्ये रोज वाचन चालेल आणि पाहुणे आले तर पोरांच्या मधेच बसतील.

“या घराला दोन पुढच्या बाजू असतील, सर,” ती हेमचंद्रांना म्हणाली. “मागची एकही नाही.”

हेमचंद्र चिडले. पाहुण्यांना काय गटाराकडून आणायचं, असं म्हणाले, आणि बरेच दिवस फिरकले नाहीत. पण आराखडा बदलला नाही. माझा गंज खरवडला गेला, तडकलेली पायरी बदलली. मला पिवळा रंग दिला. रंग मुलांनी निवडला आणि मला तो भडक वाटतो. अवनीची खडूची जागा मात्र रंगाऱ्यानं आधी विचारून मगच रंगवली, आणि तिनं ती पुन्हा आखली.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना घेऊन हेमचंद्र आलेच. कडक इस्त्रीचा कुर्ता घालून गल्लीत उभे राहिले. भीमरावांनी त्यांना काही सुचवलं नाही. रस्त्याकडचं दारही उघडंच होतं. हेमचंद्रांनी वर बघितलं. मुलगी आपल्या पायरीवर बसली होती आणि त्यांच्यासाठी हलायचं काही तिचं लक्षण नव्हतं. त्यांनी कठडा धरला आणि चढायला लागले. वजन चांगलंच आहे. माझ्या पायऱ्या ठणठण वाजल्या, अगदी पूर्वीसारख्या, आणि वरच्या खिडक्या उघडल्या. एकेका खिडकीत पोरांची तोंडं, कोण येतंय ते बघायला.

अवनीच्या पायरीशी ते थांबले. धापा टाकत आत डोकावले आणि म्हणाले, “छान केलंय गं. मेन एन्ट्रन्स कुठे आहे?”

“बाबा, यू जस्ट केम थ्रू इट, लाह.”

तर मित्रांनो, मला जपा, मला तेलपाणी करा, असं मी तुम्हाला विनवणार नाही. ते भीमराव दर रविवारी येऊन करतात. मी एवढंच सांगतो. या, माझ्यावरून चढा, बसा, वाचा, आवाज करा. मी वाजलो तर वाजू दे. आणि गोल जिना आहे म्हणून पाय जपून टाका. माझ्यावर मान खाली घालायची ती फक्त पायरी बघायला.