दारावरचं बटण

आमच्या घरात दोन भावांनी दोन तारांचंच काम केलं. एकाला त्यापायी घर सोडावं लागलं आणि दुसऱ्याच्या नावानं पेढे वाटले गेले. हे आठवलं की माझ्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते.

मोठा गुंडोअण्णा. अप्पांनी ओळखीपाळखी काढून त्याला बँकेत चिकटवलं होतं. ते सोडून तो शहराबाहेर होसकोट्याच्या एका कारखान्यात वायरमन म्हणून लागला. "माझा मुलगा पक्कड घेऊन शिडीवर चढणार?" असं म्हणत अप्पांनी घर डोक्यावर घेतलं. शेवटी म्हणाले, "तू या घरात लावलेली एकेक वस्तू उपटून रस्त्यावर फेकीन."

घरातले दिवे, पंखे, दारावरची बेल, सगळं अण्णानंच लावलेलं. "सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "उपटाल त्या दिवशी समजेन, या घराशी माझा संबंध संपला." तो गेला. अप्पांनी अर्थातच काही उपटलं नाही. त्याच पंख्याखाली बसून ते पेपर वाचत राहिले.

अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी अण्णाशिवाय गेली तेव्हा मला राहवेना. मी होसकोट्याला जाऊन त्याच्यापुढे ठाण मांडून बसले. "येईन एखाद्या रविवारी," तो कसाबसा म्हणाला. "पण सांगून नाही येणार. अप्पा आधीच तोंड फिरवून बसायचे."

रात्री जेवताना मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. पुढच्या रविवारी अप्पा बनियनऐवजी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसले, आणि त्याच्या पुढच्याही. मला तेवढं पुरे होतं.

धाकटा सुमंत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. एस. पी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून एकेक भाग आणून त्यानं घरीच कॉम्प्युटर जोडला होता. त्याचा बाहेरचा डबा जुना मिळाला, चालू करायचं बटण तुटलेलं. आत स्क्रूड्रायव्हर घालून दोन पिना एकमेकींना टेकवल्या की कॉम्प्युटर सुरू व्हायचा. पण अशाच एका रविवारी मित्र बघायला येणार होते आणि त्यांच्यासमोर स्क्रूड्रायव्हर खुपसणं साहेबांना कमीपणाचं वाटलं. त्यानं दिव्याचं बटण लावून पाहिलं. कॉम्प्युटर सुरू व्हायचा आणि लगेच मान टाकायचा. "दाबलं की आपोआप सुटणारं बटण पाहिजे," असं पुटपुटत तो घरभर फिरला आणि दारापाशी थांबला.

मी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले, तर बेलच्या बटणाच्या जागी भिंतीतून दोन तारा लोंबत होत्या. टोकांना काळी पट्टी गुंडाळलेली.

"सुमंत, ते आधी परत लाव. आज रविवार आहे."

"स्वल्प थांब की गं अक्का. उद्या नवीन आणतो. आपल्याकडे येतं कोण?"

मी अप्पांकडे पाहिलं. "असू दे एक दिवस," ते म्हणाले.

मित्र आले, दार वाजवून आत शिरले. सुमंतनं बटण दाबलं, पडदा उजळला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी स्वतः पेढे वाटले. "बेलच्या बटणावर कॉम्प्युटर! याला म्हणतात डोकं." बटण तेच, ताराही तशाच दोन. मी कॉफी करायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या यल्लव्वाकडे फुलं घ्यायला गेले. ती दिवसभर पायरीवर बसून माळा करते, आमचं दार तिच्या डोळ्यांसमोर असतं.

"काल गुंडण्णा आला होता," ती कन्नडमध्ये म्हणाली. "आत का नाही घेतलंत त्याला? बेल दाबायला हात वर केला आणि त्या तारांकडे बघतच राहिला. आत तुमच्या टाळ्या चाललेल्या. मग माघारी फिरला आणि मिठाईचा डबा माझ्या नातवंडांना देऊन गेला."

मी तशीच बस पकडून होसकोट्याला गेले. कारखान्याच्या फाटकाशी अण्णानं माझं सगळं ऐकून घेतलं.

"कॉम्प्युटरला दारावरची बेल लागते होय, नीरू? अगं, खोटं बोलायचं तर जरा नीट बोल. मी वायरमन आहे."

"देवाशप्पथ खरं सांगतेय."

"अप्पा बोलले होते, त्यांनी केलं. टाळ्या कशाला वाजवल्या, एवढंच कळलं नाही." भोंगा झाला आणि तो आत गेला.

त्याच संध्याकाळी सुमंतनं कॉम्प्युटरला नवं बटण आणलं आणि जुनं दारावर नीट बसवून दिलं. "एवढ्याशा गोष्टीचं अण्णाला इतकं लागायचं काय कारण?" असं तो अजून विचारतो.

अप्पा मात्र दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर जातात, दार ओढून घेतात आणि एकदा बटण दाबून बघतात. बेल वाजते.

"कोण आलंय?" कॉम्प्युटरवरची नजर न काढता सुमंत आतून विचारतो.

"कोणी नाही," अप्पा म्हणतात आणि आत येऊन बसतात.