तीन पेडांची तार

सोनपेठच्या, कापसाची सरकी काढायच्या जिनात फ्यूज उडायचा थांबून आज आठवा दिवस होता, आणि हे पुण्य मल्हारीचं होतं.

मल्हारी राणीसावरगावचा धनगर. रोगानं मेंढरं गेली, तेव्हा तो इथं इंजिनाला तेल घालायला लागला आणि त्याची कासाबाई रुईच्या कोठारात मजुरीला. मालक किशनरावांनी हौसेनं विजेची मोटार आणली खरी, पण तिचा फ्यूज दिवसातून दोनदा उडायचा. काम ठप्प, मालक तापलेले. एकदा मल्हारीनं ती चिनीमातीची खोबण उघडून पाहिली. आत केसाएवढी तार! एवढ्या दांडग्या मोटारीला हा केस? जन्मभर लोकरीची दोरी वळलेल्या माणसाला हसूच आलं. त्यानं तांब्याच्या जाड तारा घेतल्या, तीन पेडांचा पीळ घातला आणि खोबणीत आवळल्या.

"आता तुटली तर माझं नाव बदला," तो म्हणाला.

तुटली नाही. किशनरावांनी चारचौघांत पाठ थोपटली आणि गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला.

बाजाराच्या दिवशी दुपारी तो मिरच्या घ्यायला गेला, तर परभणीच्या एस्टीतून चंद्रभान मिस्तरी उतरताना दिसला. फ्यूज उडत होता तेव्हाच मालकांनी त्याला मोटार तपासायला निरोप धाडला होता. मल्हारीनं मोठ्या तोऱ्यात आपली करामत सांगितली. चंद्रभानच्या हातातली पिशवी गळून पडली.

"आरं, काय केलंस हे! लांडगा आला की आधी कोण मरतं?"

"कुत्रं."

"त्ये केकाटतं म्हणून तू जागा होतूस, कळप वाचतो. ती बारीक तार म्हंजी त्ये कुत्रं हाय. मोटार जास्त वीज ओढाया लागली की ती आधी वितळती आन् विजेची वाट बंद होती. तुझी तार वितळतच न्हाई. मंग तापती ती भिंतीवरची वायर. कुठून जाती ती?"

मल्हारीच्या तोंडाचं पाणी पळालं. वायर रुईच्या कोठारातून जात होती. सकाळीच कासाबाई म्हणाली होती, "कोठारात करपट वास यायलाय." आणि त्या शहाण्यानं उत्तर दिलं होतं, "तुझं नाक लय शानं!"

तो पळत सुटला. कुणाच्या मिरच्यांचा ढीग उधळला, कोण शिव्या घालतंय, त्याला काही कळेना. जिनाचं पत्र्याचं छप्पर दिसलं. धूर नव्हता. पण धूर दिसेपर्यंत रुई थांबते का? तोंडातून नुसतं 'देवा खंडोबा' निघत होतं.

त्यानं आधी मोठा खटका खाली ओढला. मोटार थांबली. "कुणी बंद केलं?" किशनराव ओरडले. तो थांबला नाही, कोठारात शिरला. भिंतीवर वायरीखालची लाकडी पट्टी काळी पडली होती आणि तिच्यातून धुराचा बारीक धागा निघत होता. पट्टीला चिकटलेली रुई तांबूस झाली होती. अगदी तिच्याखाली, रुईत कमरेएवढी बुडून, कासाबाई उभी होती. त्यानं तिचा दंड धरून तिला ओढत अंगणात आणलं.

"आवं, सोडा की! लोकं बघायलेत. येड लागलं का तुमाला?"

तिच्या केसांतली रुई तो एकेक करून वेचत राहिला.

मागून चंद्रभान आला. पट्टीवर त्यानं वाळू मारली, पाट्या भरभरून रुई बाहेर काढली. मग कोठाराला वळसा घालून नवी वायर ओढली आणि खोबणीत पुन्हा केसाएवढी तार लावली. उन्हं कलली तेव्हा किशनरावांनी स्वतः खटका वर केला. मोटार घुं घुं करून कण्हली, आणि फट्!

"पुन्हा उडाला!" मालकांनी कपाळावर हात मारला. "अहो मिस्तरी, जमलंच नाही की!"

"जमलं," चंद्रभान म्हणाला. "दुखणं मोटारीत हाय. तिला खोलावी लागंल."

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मल्हारी मात्र मटकन मातीत बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

"मेलं गं कासे, कुत्रं मेलं," तो म्हणत होता. "बरं झालं, मेलं!"

"कुणाचं कुत्रं?" कासाबाईनं घाबरून विचारलं.

"आपलं," तो म्हणाला, आणि तिचा पदर त्यानं काही सोडला नाही.