डिंकाने झालेली जिच

मित्रांनो, मी बुद्धिबळातला एक जुना काळा राजा आहे. मिरजेत तंबोरे करणाऱ्या कारागिराने उरल्यासुरल्या लाकडातून मला आणि माझ्या सैन्याला घडवले. मला घेऊन आले ते तासगावचे दादासो, एसटीचे ड्रायव्हर.

निवृत्त झाल्यावर ते बेदाण्याच्या शेडवर राखणीला बसत आणि समोर पट मांडत. डाव जिंकण्यापेक्षा त्यांना जिचेची कोडी रचायचा नाद होता. राजाला शह नाही, पण त्याला हलायलाही जागा नाही आणि दुसरी कुठली सोंगटीही चालू शकत नाही, की झाली जिच, डाव बरोबरीत. बहुतेक वेळा अशा वेळी राजा एकटाच उरलेला असतो. दादासोंना मात्र माझ्यासकट अकरा काळ्या सोंगट्या पटावर हव्या होत्या, आणि एकीलाही चाल नको होती!

कोडे बघायला कोणी आले की ते म्हणत, "नुसतं बघू नगा, हलवून बघा. चाल घावली तर माझी चूक."

चूक सापडली ती सांगलीहून सुट्टीला आलेल्या त्यांच्या नातीला, सातवीतल्या समीक्षाला.

"आज्जा, ह्ये कडंचं प्यादं एक घर पुढं जातंय की!"

"आगं व्हय की! लय हुशार झालीस. आता तूच मिटव त्याची वाट."

माझ्यासकट सगळा पट तिला देऊन टाकताना ते हसत होते.

सांगलीला ती रोज मला फडक्याने पुसायची आणि कोड्याला बसायची. प्याद्याची वाट अडवली की घोडा मोकळा व्हायचा. घोडा अडवला की मलाच घर मिळायचे. तेवढ्यात, जिथे हे कोडे मांडायचे होते ते शाळेचे प्रदर्शन उद्यावर आले.

"चिकटवून टाक सगळं," तिचे वडील रविराज म्हणाले. "गर्दीत हरवायचं न्हाई."

"पण पप्पा, त्या प्याद्याला चाल आहे."

"कोण हलवून बघतंय, समे?"

तिने प्यादे एक घर पुढे नेले आणि परत मागे ठेवले. मग तिने मला उचलले. मला वाटले, पुसायलाच घेते आहे. तिने माझ्या तळाला डिंक लावला. शेवटी ते प्यादे घेतले. त्याला सगळ्यांत जास्त डिंक लावला.

पहिला नंबर आला. पाटीवर लिहिले होते, 'रचना : दादासो आणि समीक्षा'. दुसऱ्या दिवशी दादासो तासगावहून पहिल्या गाडीने प्रदर्शनात आले. त्यांनी बोटाच्या टोकाने प्यादे पुढे ढकलले. ते हलले नाही.

"समे, ही जिच न्हाई. ही डिंकानं झालीया."

"आज्जा, पण पहिला नंबर आलाय..."

त्यांनी खिशातले पेन काढले, पाटीवरचे स्वतःचे नाव खोडले आणि स्टँडकडे निघाले.

आता मी शाळेच्या काचेच्या कपाटात आहे. येणारे माझे कौतुक करतात. समीक्षा मात्र कपाटाकडे न बघता जाते. माझा विश्वास होता तो तिच्याच हातांवर.

मित्रांनो, तुमचे कोडे चुकले असेल तर चुकलेलेच मांडा. चार लोक हसतील, एखादा चूक दाखवेल, पुन्हा बसाल. पण आम्हाला चिकटवू नका. त्या दिवशी सगळ्यांसमोर तिने मला पटावरून उपटायला हवे होते. माझा तळ मोडला असता, तरी मला चालले असते.